एका चमच्यामागे बादली, एका सेकंदामागे तीन टन

बारामतीहून इंदापूरकडे निघालात की भवानीनगर मागे पडतं, लासुर्णे मागे पडतं आणि ‘जंक्शन’ असा फलक दिसतो. तिथं रेल्वे शोधू नका. जंक्शन हे गावाचंच नाव आहे. चौकात चहा घ्या आणि उजवीकडे वळा. काही मिनिटांत झाडी दाट होते, कॉलनीचे सरळ रस्ते सुरू होतात आणि कारखान्याच्या उंच शेड्स दिसू लागतात. हे वालचंदनगर. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. पिनकोड मात्र ४१३११४, म्हणजे टपाल खात्याच्या लेखी आम्ही सोलापूरच्या बाजूचे. निरा नदी ओलांडली की खरोखरच सोलापूर जिल्हा लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण साखर, पोलाद नाहीतर यंत्रं यांवरच्या परिषदांना देशोदेशी जाऊन आले असाल. परक्या राजधानीत उतरलं की पाहुण्यांच्या हाती एक पिशवी पडते. तीत नकाशा असतो आणि शहराच्या आकड्यांचा कागद. ब्राझिलियाला गेलेल्यांना तो कागद आठवत असेल. साडेअकराशे मीटरहून उंच ओसाड पठार, तिथं चार वर्षांहून कमी काळात उभी केलेली राजधानी, २१ एप्रिल १९६० ला उद्घाटन. लुसिओ कोस्टाचा आराखडा आणि ऑस्कर निमायरच्या इमारती. पाच लाख माणसं डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या त्या शहरात आणि भोवतालच्या जिल्ह्यात आज अठ्ठावीस लाखांच्या आसपास लोक राहतात. माळावर, आधी काहीच नसताना, कागदावर आखून वसवलेलं शहर म्हटलं की जग ब्राझिलियाचं नाव घेतं.

वालचंदनगर त्याच्या पाव शतक आधीचं. इथं राजधानी नव्हती, संसद नव्हती. कळंब गावाजवळचा माळ होता, कालव्याचं पाणी होतं आणि वालचंद हिराचंद नावाचा एक सोलापूरकर होता. ज्या देशातली ती राजधानी, तो ब्राझील साखरेत जगात पहिला आहे आणि आमचंही सगळं साखरेपासूनच सुरू झालं. म्हणून पाहुण्यांना द्यायचा आकड्यांचा कागद आपणही लिहावा असं मला फार दिवस वाटत होतं. आमच्या गावची लोकसंख्या सांगून कुणी चकित होणार नाही. आमचे मोठे आकडे पाण्यात, उसात आणि पोलादाच्या पातळ पत्र्यात लपलेले आहेत. ते हिशेब मांडूनच काढावे लागतात.

आधी पाणी. या भागात वर्षाला पाऊस पडतो जेमतेम पन्नास सेंटीमीटरच्या आसपास. ऊस मात्र पाण्याचा भुकेला. आडसाली ऊस लावला तर दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि पाटानं पाणी दिलं तर एका हेक्टरला अडीच मीटर उंचीचं पाणी पिऊन टाकतो. म्हणजे सगळ्या हेक्टरभर शेतावर पुरुषभर उंचीहून जास्त पाण्याचा थर उभा केला, तर तेवढं पाणी एका पिकाला लागतं. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, तेव्हा हे पाणी पंचवीस हजार घनमीटर झालं. लिटरमध्ये अडीच कोटी. त्या हेक्टरात शंभर टन ऊस निघाला आणि साखरेचा उतारा साडेदहा टक्के पडला, तर साखर मिळाली साडेदहा टन. भागाकार करा. एक किलो साखरेमागे दोन हजार तीनशेहून जास्त लिटर पाणी. चहात टाकता तो चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर त्या एका चमच्यामागे बारा लिटर. घरातली एक बादली.

जंक्शनच्या चौकात तुम्ही दोन चमचे साखरेचा चहा प्यालात, तेव्हा दोन बादल्या पाणी प्यालात.

हे पाणी येतं कुठून? शंभर किलोमीटरहून लांब, भोर तालुक्यातल्या भाटघरहून. तिथं वेळवंडी नदीवर १९२८ च्या सुमाराला पुरं झालेलं लॉइड धरण आहे. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. त्याही आधीचा व्हायटिंग तलाव आता त्याच पाण्याखाली आहे. भाटघरची क्षमता साडेतेवीस टीएमसी. टीएमसी हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण त्याचा आकार मनात उभा राहत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये दोन हजार आठशे कोटींहून जास्त. भरलेलं भाटघर म्हणजे सहासष्ट हजार कोटी लिटर. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या बाळापर्यंत, वाटून दिलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशी लिटर येईल. भोरच्या एका खोऱ्यात साऱ्या जगाची एका दिवसाची आंघोळ मावते.

आणि तेवढ्या पाण्यात ऊस किती होईल? वाटेत एक थेंबही मुरला नाही, उडाला नाही असं धरलं तरी सव्वीस हजार हेक्टरच्या आसपास. कालव्यात पाणी मुरतं हे कालव्याच्या शेवटाला शेत असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. निरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे आणि तेव्हापासून त्याच्या शेवटाकडची माणसं आवर्तनाची वाट पाहत आली आहेत. मी हे पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. आमच्याकडची हिरवी शिवारं बघून लोक म्हणतात, ‘काय सुपीक प्रदेश आहे!’ जमीन चांगली आहेच, पण हा हिरवा रंग शंभर किलोमीटरवरून आणलेला आहे. उसाला ठिबक लावलं की पाण्याची मोठी बचत होते, म्हणून जिथं ठिबकच्या नळ्या दिसतील तिथं थोडं थांबून पाहा. या भागातली सगळ्यात महत्त्वाची यंत्रसामग्री मला तीच वाटते, आणि हे मी यंत्रांच्या गावात बसून म्हणतो आहे.

आता त्या सोलापूरकराबद्दल. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, मृत्यू १९५३. सुरुवात रेल्वेच्या ठेक्यांपासून, लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. १९१९ साली त्यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस ५ एप्रिल, आणि आजही देश तो राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना, आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं मूळ. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही देश स्वतंत्र होण्याआधी आणि तिन्हींमागे एकच माणूस. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. तुमच्यातले काही जण तिथलेच असतील.

या मोठ्या उद्योगांच्या मधोमध साखर येते. १९३२ साली परदेशी साखरेपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात साखर कारखान्यांची लाट आली. तीसेक कारखाने होते, चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. त्या लाटेत नाशिक जिल्ह्यात रावळगाव उभं राहिलं आणि इथं वालचंदनगर. १९०८ मध्ये नोंदलेली मार्सलँड प्राइस ही बांधकाम कंपनी कळंबच्या माळावर ऊस पिकवू लागली, साखर बनवू लागली. तीच कंपनी पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. कारखान्याभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाजार असं गाव वाढलं. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या उसाच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. शेजारचं रत्नपुरी हे नाव ऐकाल, तेही याच इतिहासातलं. गावाच्या आयुष्यातलं मोठं वळण त्यानंतर आलं, की त्याआधीच, याबद्दल इथं दोन मतं आहेत. मला वाटतं, साखरेचं यंत्र मोडलं तर सुटा भाग परदेशातून येईपर्यंत हंगाम संपून जातो, हे ज्या दिवशी इथल्या माणसांना कळलं त्या दिवशी हे गाव घडायला लागलं. साखर बनवणारे साखरेची यंत्रं बनवू लागले. मग सिमेंटची यंत्रं, बॉयलर, नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स, अणुभट्ट्यांचे भाग. आणि शेवटी रॉकेट.

रॉकेटकडे जाण्याआधी उसाच्या गिरणीचा एक रोलर पाहून घ्या. साधारण एक मीटर व्यासाचा, कित्येक टन वजनाचा, खाचा पाडलेला लोखंडी दंडगोल. मिनिटाला चार-पाच फेरे. आपण चारच धरू. इतका सावकाश फिरतो की पाहुण्यांना वाटतं हा दमला आहे. हंगाम दीडशे दिवसांचा धरला, रात्रंदिवस, तर फेरे झाले आठ लाख चौसष्ट हजार. एका फेऱ्याला त्याचा परीघ तीन मीटरच्या वर सरकतो. म्हणजे जागचा न हलता तो एका हंगामात दोन हजार सातशे किलोमीटर चालला. काश्मीर ते कन्याकुमारी हे सरळ रेषेतलं अंतरही याहून फार वेगळं नाही. तीस हंगाम टिकला, मधूनमधून कवच बदलून, तर ऐंशी हजार किलोमीटर. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. तेही मिनिटाला चार फेऱ्यांनी, उसाचा रस अंगावर घेत.

त्या रोलरच्या तोंडी ऊस घालणारी माणसंही मोजू. रोज पाच हजार टन गाळप करणारा कारखाना आज मध्यम आकाराचा समजला जातो. मिनिटाला साडेतीन टन ऊस त्याच्या गव्हाणीत पडावा लागतो. ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. बीडकडून, मराठवाड्यातून, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून ही माणसं दिवाळीच्या सुमाराला येतात. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो, मोळ्या बांधतो, गाडी भरतो. म्हणजे त्या एका कारखान्याला रोज अडीच हजार कोयते लागतात, पाच हजार माणसं. हंगामभर, एकही दिवस न चुकता तोडलं तर एका जोडप्याच्या हातून तीनशे टन ऊस जातो. प्रत्येक कांडं वाकून, बुडातून छाटून. वाढे वेगळे, मोळी वेगळी. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणारी बाई मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि हे आकडे लिहिताना मला तीच दिसते. तीनशे टन हा आकडा ध्यानात ठेवा.

१४ जुलै २०२३, दुपारी २ वाजून ३५ मिनिटं. श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालं. ते नेणारं एलव्हीएम-३ हे रॉकेट साडेत्रेचाळीस मीटर उंच, वजन ६४० टन. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाडजूड बूस्टर होते, एस-२००. प्रत्येक बूस्टर ३.२ मीटर व्यासाचा आणि पंचवीस मीटरच्या आसपास लांब. प्रत्येकात दोनशे पाच टनांच्या आसपास घन इंधन. हा बूस्टर तीन खंडांचा असतो. डोक्याकडच्या खंडात सत्तावीस टन इंधन, मधल्यात सत्त्याण्णव, नोझलकडच्यात ब्याऐंशी. हे तिन्ही प्रकारचे खंड इथं, या उसाच्या शिवारातल्या शेडमध्ये घडले. काही भाग देशातल्या इतर कारखान्यांतूनही आले, कारण रॉकेट कधीच एका गावाचं नसतं. पण पीएसएलव्हीच्या १९९३ च्या पहिल्या उड्डाणापासून वालचंदनगरचा हात इस्रोच्या रॉकेटांना लागलेला आहे. ते पहिलं उड्डाण फसलं होतं. पहिला टप्पा नीट जळला, चूक वरती झाली आणि रॉकेट समुद्रात गेलं. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑक्टोबरात, ते यशस्वी झालं. नंतर त्याच पीएसएलव्हीनं २००८ मध्ये चांद्रयान-१ नेलं, २०१३ मध्ये मंगळयान नेलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एका झेपेत १०४ उपग्रह सोडले.

आता गिरणी आणि रॉकेट शेजारी ठेवा. दोन्ही बूस्टर मिळून चारशे दहा टन इंधन. ते जळायला सव्वादोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सेकंदाला तीन टनांहून जास्त. पाच हजार टनांचा साखर कारखाना मिनिटाला साडेतीन टन ऊस खातो. म्हणजे कारखान्याचं एक मिनिट आणि रॉकेटचा एक सेकंद जवळजवळ सारखे. आणि ते चारशे दहा टन, एका कोयत्याच्या सगळ्या हंगामाच्या तोडीपेक्षा शंभर टनांनी जास्त. एक जोडपं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जेवढं वजन हातावेगळं करतं त्याहून जास्त वजन तुम्ही तोंड वर करून बघेपर्यंत धूर होऊन जातं. दोन्ही बूस्टरांचा मिळून जोर हजार टनांच्या वर असतो. वीस टनांची एक डबल ट्रॉली धरली, तर उसानं भरलेल्या पन्नास डबल ट्रॉल्या एकदम आभाळाकडे उचलण्याइतका.

हे सगळं इंधन पेटतं ते कशात? इथं माझा आवडता आकडा येतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं आहे. माणूस आत उभा राहून हात वर करू शकेल इतकं. त्याच्या पोलादाची जाडी आठ मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या करंगळीपेक्षा पातळ. कोंबडीचं अंडं घ्या. रुंदी साडेचार सेंटीमीटर, टरफल एक तृतीयांश मिलिमीटर. ते अंडं फुगवत फुगवत २.८ मीटर रुंद केलं तर टरफल वीस मिलिमीटरहून जाड होईल. रॉकेटचं कवच त्याच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. अंड्यापेक्षा अडीचपट नाजूक आकाराचं भांडं, आणि त्याच्या आत हवेच्या दाबाच्या पन्नासेक पट दाब, तोही वितळवून टाकणाऱ्या आगीचा. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा एक पट दाब जास्त असतो. तशा पन्नास कुकरांचा दाब एकाच भांड्यात. कवचाच्या घुमटावर आतून बसणारा रेटा तीन हजार टनांहून जास्त भरतो. दीडशे डबल ट्रॉल्या.

हे तग धरतं मॅरेजिंग पोलादामुळं. अठरा टक्के निकेल, आठ टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट, थोडं मॉलिब्डेनम आणि कार्बन जवळजवळ नाहीच. साध्या पोलादाची काडी, एक चौरस मिलिमीटर छेदाची, पंचवीस किलोच्या आसपास वजनाला ताणून लांबू लागते. मॅरेजिंगची तेवढीच काडी पावणेदोनशे किलो पेलते. दोन धडधाकट माणसं एका बारीक तारेला लोंबकळल्यासारखं. पण हे गुण आयते मिळत नाहीत. पोलाद आधी मऊ अवस्थेत वळवायचं, जोडायचं, मग भट्टीत ४८० अंशांच्या आसपास तापमानाला तासन्‌तास मुरवायचं. लोणचं मुरावं तसं ते मुरतं आणि मुरल्यावर ताकद येते. भट्टीत तापमान एका बाजूला जरा चढलं तरी इतक्या महिन्यांचं काम वाया.

आणि जोड. ३.२ मीटर व्यासाच्या खंडाला एक गोल वेल्ड फिरवला तर त्याची लांबी दहा मीटर होते. त्या दहा मीटरमध्ये एक मिलिमीटरचा दोष म्हणजे दहा हजारांत एक. शाळेच्या परीक्षेत दहा हजारांपैकी नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव मिळवले तर पेढे वाटतील. इथं तो वेल्ड उकलून पुन्हा करावा लागतो. प्रत्येक जोडाची चाचणी होते, मग सगळा खंड पाण्यानं भरून, प्रत्यक्ष उड्डाणात येईल त्याहून जास्त दाब देऊन पाहतात. खंड आणि खंड जिथं जुळतात ती जागा किती जिवाची असते हे जगाला २८ जानेवारी १९८६ ला कळलं. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या बूस्टरमध्ये दोन खंडांच्या सांध्यातलं रबरी कडं थंडीनं ताठरलं होतं. उड्डाणानंतर त्र्याहत्तराव्या सेकंदाला सात माणसं गेली. आपलं एलव्हीएम-३ आता गगनयानातून माणसं नेणार आहे. इथला वेल्डर, इथला फिटर, इथला एक्स-रे वाचणारा तंत्रज्ञ ते मनात धरून काम करतो. त्या शेडमध्ये पाहुण्यांनी आवाज खाली ठेवावा अशी माझी विनंती असते. नियम म्हणून नाही, देवळात ठेवतात तसा.

उड्डाणानंतर एकशे सत्तावीस सेकंदांनी चांद्रयान-३ चे बूस्टर सुटले. तेव्हा ते ६२ किलोमीटर उंचीवर होते. बारामती ते इंदापूर हे अंतर उभं केलं तर त्याच्याही वर. वेग सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या पुढे. त्या वेगानं बारामतीहून इथं वीसेक सेकंदांत पोहोचता येईल. मग ते बूस्टर बंगालच्या उपसागरात पडले. महिनोन्‌महिने घडवलेल्या, मुरवलेल्या, तपासलेल्या पोलादाचं कामाचं आयुष्य दोन मिनिटं सात सेकंद. ज्यानं जोडलं त्याला तो खंड पुन्हा कधी दिसणार नाही.

एकाच गावात, काही पावलांच्या अंतरावर, तीस हंगाम फिरायचा रोलर आणि दोन मिनिटं जगायचं कवच घडतं. दोन्ही घडवणारे शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात, त्यांची मुलं वर्धमान विद्यालयात एकाच बाकावर बसलेली असतात. मला पाहुण्यांना खरं तर हेच दाखवायचं असतं. रोलर घडवणाऱ्याचा हिशेब वर्षांचा, कवच घडवणाऱ्याचा हिशेब सेकंदांचा, पण मायक्रोमीटर दोघांच्याही खिशात तोच.

आणखी एक भागाकार सांगतो. १०० किलो उसातून साडेदहा किलो साखर, म्हणजे साधारण दहाला एक. ६४० टनांच्या रॉकेटनं वर नेलेलं चांद्रयान ३,९०० किलोचं, म्हणजे एकशे चौसष्टला एक. त्यातून चंद्रावर उतरलेला लँडर इंधनासह १,७५२ किलोचा, आणि त्याच्या पोटातून बाहेर आलेला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. सहाशे चाळीस टनांतून सव्वीस किलो. चोवीस हजारांना एक. साखरेचा उतारा एक टक्क्यानं घटला तर कारखान्याच्या सभेत गदारोळ होतो. हा उतारा एक टक्क्याचा दोनशे चाळिसावा भाग आहे, आणि तरी २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी सगळा देश टाळ्या वाजवत उभा राहिला. प्रज्ञान चंद्रावर शंभर मीटरच्या आसपास चालला. आमच्या शाळेच्या मैदानावर पोरं एका दमात धावतात तेवढं.

पाहण्यासारखं भोवती आणखी पुष्कळ आहे, थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात आला असाल तर भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघा. उजनीचा साठा ११७ टीएमसी, भाटघरच्या पाचपट, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, कालव्यात न येणारा. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे, शिवाजी महाराजांच्या आजोबांची. निमगाव केतकीला पानमळे.

आणि आषाढाच्या तोंडावर आलात तर जंक्शनच्या चौकातच थांबा, कुठं जाऊ नका. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून याच रस्त्यानं अंथुर्ण्याकडे जाते. देहू ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. सोहळ्यात तीन लाख माणसं धरली, तर सगळ्यांचं मिळून चालणं होतं साडेसात कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्याच्या अंतराच्या निम्मं. चंद्र इथून तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे. त्या हिशेबानं एका वारीत चंद्रावर जाऊन परत येण्याच्या सत्त्याण्णव फेऱ्या होतात. पावलं मोजली तर अकरा हजार कोटी, बरीचशी अनवाणी.

त्याच जंक्शनच्या चौकातून कधीतरी एक लांबलचक ट्रेलर बाहेर पडतो. ताडपत्रीखाली एक मोठं गोल काहीतरी असतं, पुढे-मागे दिवे लावलेल्या गाड्या. इथून श्रीहरिकोटा हजारेक किलोमीटर. हंगाम चालू असेल तर उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या राहतात, टोळीतली पोरं मोळ्यांवर चढून बघतात आणि ट्रेलर हळूहळू, बैलगाडीच्या वेगानं, चौकातलं वळण घेतो.